होतं असं, पण का होतं?

गरोदर बाईने एखादी तक्रार सांगितली की तिला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: ‘होतं असं, चालायचंच.’ आई हे म्हणते, सासू म्हणते, थोरली जाऊ म्हणते, आणि दाराबाहेर बायकांची रांग लागलेली असेल तर डॉक्टरही हेच म्हणतात. उत्तर खोटं नसतं. सकाळची मळमळ, छातीतली जळजळ, जिना चढताना लागणारी धाप, रात्री पोटरीत येणारे गोळे, भरून आलेली कंबर, घोट्यांवरची सूज, ब्रश करताना हिरड्यांतून येणारं रक्त, पुन्हा पुन्हा लघवीला उठणं, यांतलं बरंचसं खरोखरच होतं आणि बाळंतपणानंतर जातंही. पण या उत्तराची सवय लागली की दोन गोष्टी घडतात. ज्या त्रासावर साधा उपाय आहे तो बाई महिनोन्‌महिने मुकाट सोसते. आणि ज्या दिवशी डोकं असह्य ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, बोटातली अंगठी फिरेनाशी होते, त्या दिवशीही ती स्वतःला तेच उत्तर देते आणि घरी पडून राहते.

हे पुस्तक त्या उत्तरानंतरचा प्रश्न विचारतं. होतं, पण का होतं? गरोदरपणाच्या सगळ्या शास्त्रात सामान्य बाईच्या सर्वांत उपयोगाचा प्रश्न हाच आहे असं माझं ठाम मत आहे. कारण कळलं की त्रासाची भीती कमी होते, आणि नेहमीच्या त्रासाचं रूप कधी पालटलं हेही ओळखता येतं. सोसण्याजोगं काय आणि दवाखाना गाठण्याजोगं काय, ही रेषा आखायचं काम आजवर इतरांकडे राहिलं. ज्या बाईचं शरीर आहे तिला ते जमावं, यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

पोटातलं मूल वाढतं, जागा व्यापतं, म्हणून आईला त्रास होतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. शेवटच्या तीन महिन्यांपुरती ती बरीचशी खरी आहे. पण मोठे बदल त्याच्या कितीतरी आधी सुरू होतात, मूल अंगठ्याएवढंही झालेलं नसताना. पाळी चुकल्यानंतर थोड्याच आठवड्यांत रक्तवाहिन्या सैलावतात, हृदय दर मिनिटाला जास्त रक्त पुढे ढकलू लागतं, मूत्रपिंडं एरवीपेक्षा जवळजवळ दीडपट रक्त गाळू लागतात, श्वास खोल होतो. गरज निर्माण होण्याआधीच शरीर तयारीला लागलेलं असतं. ही तयारी घडवतात ती प्रोजेस्टेरॉन, इस्ट्रोजेन यांसारखी संप्रेरकं. पहिले काही आठवडे ती अंडाशयातून येतात, पुढे वारेतून. वार म्हणजे बाळंतपणानंतर पडून जाणारा मांसाचा तुकडा एवढंच आपण समजतो. प्रत्यक्षात नऊ महिने आईच्या शरीराचा कारभार बऱ्याच अंशी तिथून चालतो.

रक्ताचंच पाहा. गरोदरपणात अंगातलं एकूण रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. मात्र त्यातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, जवळजवळ निम्म्याने वाढतो आणि तांबड्या पेशी २० ते ३० टक्क्यांनीच. त्यामुळे हिमोग्लोबिनचा आकडा थोडा उतरतो. हे उतरणं आजार नव्हे. पातळ रक्त वारेतून सहज वाहतं, आणि बाळंत होताना अर्धा लिटर रक्त गेलं तरी निरोगी बाई ते झेलू शकते. एरवी गर्भाशयाकडे मिनिटाला जेमतेम ५० मिलिलिटर रक्त जात असतं. दिवस भरत आले की ५०० ते ७०० मिलिलिटर जातं. हा वाढलेला प्रवाह पेलायचा तर रक्त वाढायलाच हवं. पण हिमोग्लोबिनचा आकडा ११ ग्रॅमच्या खाली गेला तर तो रक्तक्षय. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या निम्म्याहून अधिक, ५२.२ टक्के गरोदर बायकांना तो आहे. ‘गरोदरपणी रक्त थोडं कमी होतंच’ हे वाक्य अर्ध्या भागापुरतं शास्त्रशुद्ध आहे, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. ते ऐकून किती लोहाच्या गोळ्या फडताळात तशाच पडून राहिल्या असतील!

श्वासाचीही तीच गोष्ट. चौथ्या-पाचव्या महिन्यात, पोट नीट दिसतही नसताना, बाई म्हणते की दम लागतो. प्रोजेस्टेरॉन मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला जागं करतं. श्वासांची संख्या फारशी बदलत नाही, पण प्रत्येक श्वासागणिक आत जाणारी हवा सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. त्यामुळे आईच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुलाच्या रक्तातला तो वारेतून आईकडे सहज येऊ शकतो. म्हणजे बाईला हवा कमी पडते असं वाटत असतं तेव्हा प्रत्यक्षात ती एरवीपेक्षा जास्त हवा घेत असते. हे समजावून सांगितलं तर निम्मी घाबरगुंडी तिथेच उडते. पण आडवं पडल्यावर धाप वाढते, रात्री खोकल्याने दचकून जाग येते, बसल्या जागी छाती धडधडते, ही लक्षणं वेगळ्या घरची. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झालेल्या मुली आपल्या देशात अजूनही आहेत. हृदयाचं काम ३० ते ५० टक्क्यांनी वाढतं तेव्हा, म्हणजे पहिल्याच गरोदरपणात, त्यांचा आजार अनेकदा प्रथम उघड होतो. त्याला ‘होतं असं’ म्हणणं जिवावर बेतू शकतं.

बाकीचे बदल पुस्तकात सविस्तर येतील. प्रोजेस्टेरॉनने आतड्यांचे स्नायू सुस्तावतात म्हणून बद्धकोष्ठ होतो आणि त्यामागोमाग मूळव्याध. सांधे जोडणारे बंध सैल होतात म्हणून ओटीपोटाच्या हाडांत चमक येते. मनगटातली सूज मज्जातंतूवर दाबते म्हणून पहाटे बोटं बधिर होतात. भरलेल्या दिवसांत उताणं निजलं की जड गर्भाशय पाठीमागच्या मोठ्या नीलेवर दाबतं आणि गरगरतं. कुशीवर वळलं की बरं वाटतं. गर्भाशयाचं वजन सुरुवातीला ५० ते ७० ग्रॅम असतं आणि शेवटी किलोभर होतं, त्यामुळे बेंबीच्या खाली दोन्ही बाजूंना ओढल्यासारखं दुखतं ते त्याला धरून ठेवणाऱ्या दोऱ्यांचं दुखणं असतं. पोटावरची काळी रेघ, गालांवरचे डाग, स्तनाग्रांचं गडद होणं हा रंगद्रव्याचा खेळ आहे आणि बहुतांशी निरुपद्रवी आहे. त्यावर मलमांचा जो बाजार उभा राहिला आहे त्याची गरज मला कधीच पटलेली नाही.

या बदलांकडे माणसाने फार पूर्वीपासून बारकाईने पाहिलं आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाची महिन्यामहिन्याची वाढ सांगितली आहे, आणि मला विशेष वाटतं ते हे की तिथे आईचीही नोंद आहे. चौथ्या महिन्यात तिला अंग जड वाटतं. पाचव्यात गर्भाचं मांस-रक्त वाढतं म्हणून ती कृश होते. सहाव्यात तिचं बळ आणि कांती उणावते, सातव्यात ती अतिशय थकते. आईच्या थकव्याचा हिशेब गर्भाच्या वाढीशी लावणारी ही नजर आजच्या पोषणशास्त्राला परकी वाटणार नाही.

त्याच ग्रंथात एक जागा आहे, ती मला या सगळ्या विषयाचा उगम वाटते. सातव्या महिन्यात गर्भाचे केस उगवतात म्हणून आईला जळजळ होते, असं स्त्रिया म्हणतात; भगवान आत्रेय म्हणतात, तसं नाही. गर्भाच्या दाबामुळे दोष वर छातीकडे सरकतात आणि दाह करतात, त्यातून कंड सुटतो आणि कंडातून त्वचेवर रेघा उमटतात, असं त्यांचं स्पष्टीकरण आहे. ‘बाळाला जावळ येतंय, म्हणून जळजळतंय’ हे आजही आपल्या घरांत ऐकू येतं. म्हणजे एवढ्या शतकांपूर्वी बायकांचं एक मत होतं, वैद्याने ते ऐकलं, नोंदवलं, नाकारलं आणि दुसरं कारण दिलं. आजचं वैद्यक जळजळीची दोन कारणं सांगतं: अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप प्रोजेस्टेरॉनने सैल होते, आणि पुढे वाढलेलं गर्भाशय जठराला खालून दाबतं. दाबाचा मुद्दा आत्रेयांना सुचला होता. पण गोष्ट इथे संपत नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी या समजुतीची परीक्षा घ्यायचं ठरवलं आणि ६४ गरोदर स्त्रियांना जळजळ किती होते ते विचारून पुढे त्यांच्या बाळांच्या जावळाशी ते ताडून पाहिलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार जास्त जळजळ आणि दाट जावळ यांचा मेळ खरोखरच दिसला. केस टोचतात म्हणून जळजळत नाही, हे तर उघडच आहे. त्यांचा अंदाज असा की झडप सैल करणारी संप्रेरकंच गर्भाच्या केसांच्या वाढीलाही हातभार लावत असावीत. अभ्यास छोटा आहे, त्यावर इमले बांधू नयेत. तरीही बायकांचं निरीक्षण आणि त्यांनी दिलेलं कारण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, हे त्यातून मला पटलं. कारण चुकलं म्हणून निरीक्षण फेकून द्यायचं नसतं.

पाश्चात्त्य परंपरेत असाच मान एफिससच्या सोरेनसचा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या या ग्रीक वैद्याने स्त्रीरोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात गरोदरपणातली मळमळ, अन्नाचा वीट, माती-कोळशासारख्या गोष्टींची वासना यांवर स्वतंत्र विवेचन आहे, आणि लोंबणाऱ्या पोटाला कापडी पट्ट्याने आधार देण्याचा सल्लाही आहे. त्यानंतरची कित्येक शतकं बाळंतपण हे सुइणींचं क्षेत्र राहिलं, आणि त्यांचं ज्ञान हातातून हातात गेलं, कागदावर फारसं आलं नाही.

अठराव्या शतकात वैद्यकाने गर्भाशय उघडून पाहिलं. विल्यम हंटर यांचा गरोदर गर्भाशयाच्या शरीररचनेवरचा भव्य चित्रग्रंथ १७७४ मध्ये आला. त्यातली ३४ चित्रं अचूकपणासाठी आजही वाखाणली जातात. ती पाहताना मात्र अंगावर काटा येतो, कारण अनेक चित्रांत बाई नाहीच. मांड्या मध्येच कापलेल्या, वर छाती-चेहरा नाही, मध्ये उघडलेलं पोट आणि त्यात जिवंत वाटावं इतकं हुबेहूब मूल. ती दिवसांत असताना मरण पावलेल्या बायकांची शरीरं होती. पुढच्या दोनशे वर्षांच्या प्रसूतिशास्त्राचा दृष्टिकोन त्या चित्रांत आधीच उमटला आहे असं मला वाटतं. मूल हा विषय, आणि आई म्हणजे त्याच्याभोवतीचं वेष्टन.

प्रसूतिपूर्व तपासणीची आज रूढ असलेली कल्पनाही याच वाटेने आली. विसाव्या शतकाच्या आरंभी एडिंबरामध्ये जॉन विल्यम बॅलंटाइन यांनी गरोदर स्त्रियांसाठी प्रसूतीआधीच रुग्णालयात खाट असावी असा आग्रह धरला. त्यांना मुख्य ओढ होती ती गर्भातल्या व्यंगांचा उलगडा करण्याची. आईच्या रक्तदाबाची, लघवीतल्या प्रथिनांची तपासणी त्यामागून नियमाने सुरू झाली आणि तिने असंख्य बायका वाचवल्या, हे ऋण मान्य करायलाच हवं.

आपल्याकडे या विषयाशी आनंदीबाई जोशी यांचं नाव जोडलेलं आहे. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये पदवी घेताना त्यांनी प्रबंध लिहिला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. चौदाव्या वर्षी बाळंत होऊन अवघ्या दहा दिवसांचं मूल गमावलेल्या मुलीने हा विषय निवडावा, याचं मला नवल वाटत नाही. पदवीनंतर वर्षभरातच त्या गेल्या.

पण मुंबईचा या शास्त्रावरचा सर्वांत मोठा ठसा एका पाहुण्या डॉक्टरच्या हातून उमटला, आणि तो मराठी वाचकांना फारसा ठाऊक नाही. लूसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या. इथल्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांत एक विचित्र रक्तक्षय दिसत होता: तांबड्या पेशी कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. लोहाने तो हटत नसे आणि कित्येक बायका त्यात दगावत. परळच्या हाफकिन संस्थेत विल्स यांनी आधी जंतूंचा संशय तपासला, मग बायकांच्या ताटाकडे वळल्या. भाजी, फळं, दूध यांचा पत्ता नसलेल्या जेवणाशी आजाराचं नातं त्यांना दिसलं. तसाच आहार देऊन उंदरांत, पुढे माकडांत त्यांनी तो रक्तक्षय निर्माण केला आणि यीस्टच्या अर्काने बरा केला. इंग्लंडमध्ये पावाला लावून खायचा मार्माइट हा स्वस्त पदार्थ त्यासाठी पुरला. त्यांचा निबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या अर्कातलं औषधी द्रव्य बराच काळ ‘विल्स घटक’ म्हणून ओळखलं जाई; १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं आणि त्याचं नाव फॉलिक ॲसिड झालं. गर्भाच्या मणक्याचं व्यंग टाळायला दिवस राहण्याआधीपासून तेच द्यावं, हे १९९१ च्या ब्रिटिश चाचणीने सिद्ध केलं. आज आशाताई घरपोच देतात त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. परळ-लालबागच्या गिरणकामगार बायकांच्या फिकट चेहऱ्यांपासून ती गोळी सुरू झाली, हे ती गिळणाऱ्या प्रत्येकीला कळावं अशी माझी फार इच्छा आहे. विल्स यांची पद्धतही लक्षात ठेवण्याजोगी आहे. ‘गरीब बाईला अशक्तपणा असायचाच’ हे त्यांनी मानलं नाही.

निरोगी गरोदर शरीर मुळात कसं चालतं याचा पद्धतशीर अभ्यास व्हायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. फ्रँक हायटन आणि इझाबेला लीच यांनी १९६४ मध्ये मानवी गरोदरपणाच्या शरीरक्रियेवर ग्रंथ लिहिला आणि वाढलेल्या वजनाचा हिशेब मांडला: बाळ किती, वार किती, गर्भजल किती, रक्त किती, साठवलेली चरबी किती. साडेबारा किलो वजनवाढीचा जो आकडा अजून सांगितला जातो तो त्या ब्रिटिश अभ्यासांतून आलेला आहे. वाई किंवा मेळघाटातल्या चाळीस-बेचाळीस किलोच्या मुलीला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

याच सुमारास दोन घटनांनी वातावरण पालटलं. पश्चिम जर्मनीत १९५७ पासून विकलं गेलेलं थॅलिडोमाइड हे औषध मळमळीसाठी गरोदर बायकांना सर्रास दिलं गेलं आणि हात-पाय अपुरे असलेली दहा हजारांहून अधिक मुलं जन्माला आली. १९६१ मध्ये ते मागे घेतलं गेलं. तेव्हापासून गरोदर बाईला औषध द्यायला डॉक्टर कचरतात, औषधांच्या चाचण्यांतून तिला वगळलं जातं, आणि तिने मुकाट सोसावं ही जुनी अपेक्षा आता सावधगिरीच्या नावाखाली घट्ट झाली. दुसरी घटना म्हणजे ग्लासगोचे इयन डोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेलं सोनोग्राफीचं तंत्र. त्याने निदानात क्रांती केली यात शंका नाही. आपल्याकडे त्याचा वापर मुली मारायला झाला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राला देशात सर्वप्रथम त्याविरुद्ध कायदा करावा लागला, हाही त्याच इतिहासाचा भाग. पण आणखी एक गोष्ट घडली. तपासणीच्या खोलीत सगळ्यांचे डोळे पडद्याकडे वळले. बाईला कुठे दुखतंय हे विचारायला वेळ कमी पडू लागला.

या विषयात आज वेगवेगळे पंथ आहेत आणि नव्या वाचकाने त्यांचा तोंडावळा ओळखून ठेवावा. रुग्णालयातलं प्रसूतिशास्त्र धोका शोधतं. तो त्याचा धर्म आहे, आणि महाराष्ट्राचं मातामृत्यूचं प्रमाण २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत उतरलं, देशाचं तेव्हा ९७ होतं, यात त्याचा वाटा मोठा आहे. सुईणपरंपरा आणि तिचा आधुनिक वारस असलेली मिडवाइफरी बाईच्या जवळ बसते, कंबर चोळते, ऐकते. धोका ओळखण्यात मात्र जुनी सुईण कमी पडे. आयुर्वेदाची मासानुमासिक परिचर्या दूध, तूप, विश्रांती, मनाची प्रसन्नता यांवर भर देते आणि त्यातलं बरंचसं शहाणपणाचं आहे. पण आईने काय ऐकलं-पाहिलं यावर मुलाची बुद्धी आणि रंग ठरतो असं सांगत शुल्क घेणारे गर्भसंस्काराचे वर्ग त्या परिचर्येचं नाव घेऊन तरुण मुलींच्या माथ्यावर अपराधाचं ओझं ठेवतात. त्याला मी शास्त्र म्हणणार नाही. बोस्टनमधल्या बायकांनी १९७० मध्ये आपल्या शरीराविषयी आपणच लिहिलेली पुस्तिका काढली, तिथून स्त्रीआरोग्याची चळवळ वाढली; प्रस्तुत पुस्तक तिचं ऋणी आहे.

आणि पोषणाचा पंथ, ज्याचं एक महत्त्वाचं केंद्र आपल्या पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला आहे. मुलं जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्याही आतली, दिसायला बारीक, पण अंगात चरबीचं प्रमाण अधिक, असं त्यांना आढळलं, आणि पुढच्या मधुमेहाचं मूळ आईच्या पोटात शोधलं जाऊ लागलं. पालेभाज्या, फळं, दूध जास्त खाणाऱ्या आयांची बाळं अधिक भरलेली होती. शेतातलं काम, विहिरीचं पाणी ओढणं, धुणं धुणं असा भार जास्त असलेल्या आयांची बाळं लहान होती. ‘गरोदर बाईने जितकं काम करावं तितकं बाळंतपण सोपं’ असं बिनधास्त सांगणाऱ्यांनी हे वाचावं. व्यायाम वेगळा आणि राबणं वेगळं.

गेल्या वीस वर्षांत शास्त्राची नजर अखेर आईकडे वळते आहे. बायकांच्या कंबरेचा बाक तीन मणक्यांत विभागलेला असतो, पुरुषांचा दोन, आणि पोटाचं वजन पुढे झुकलं तरी तोल सांभाळायची ती सोय आपल्या दोन पायांवर चालणाऱ्या फार प्राचीन पूर्वजांतही होती, असं २००७ मध्ये कॅथरीन व्हिटकम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. पहिल्या बाळंतपणानंतर मेंदूच्या काही भागांची रचना बदलते आणि तो बदल किमान दोन वर्षं टिकतो, असं २०१७ मध्ये एल्सेलिन हुकझेमा यांच्या अभ्यासातून पुढे आलं. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते मळमळीवरचं काम. दर दहा गरोदर बायकांतल्या सात-आठ जणींना मळमळ होते, काही थोड्या जणींना तर पाण्याचा घोटही ठरत नाही. एकेकाळी ‘तिला मूलच नको असेल’ असा निष्कर्ष काढण्यापर्यंत तज्ज्ञांची मजल गेली होती. मार्लेना फेझो, स्टीफन ओ’राहिली आणि सहकाऱ्यांनी २०२३ च्या अखेरीस दाखवून दिलं की वारेतून आणि गर्भातून येणारं जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक त्यामागे आहे. दिवस राहण्याआधी ज्यांच्या रक्तात ते कमी असतं त्यांना त्याची सवय नसते, म्हणून अचानक वाढलं की त्यांना जास्त त्रास होतो. थॅलसेमियामुळे ज्यांच्या अंगात ते आधीपासूनच खूप असतं त्या बायकांना मळमळ क्वचितच होते. मनाचे चोचले म्हणून हिणवलेल्या तक्रारीला रक्तात मोजता येणारं कारण निघालं.

मग आत्ताच मराठीत हे पुस्तक का? मृत्यू कमी झाले, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, आता न मारणाऱ्या पण छळणाऱ्या तक्रारींकडे बघायची वेळ आली आहे, हे एक. दुसरं, पहिलं मूल पंचविशी-तिशीनंतर होणाऱ्या मुली वाढल्या, त्यांच्यासोबत गरोदरपणातला मधुमेहही वाढला. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्तातली साखर १४० च्या आत आहे का ते पाहण्याची, उपाशीपोटीची अट नसलेली साधी तपासणी आपल्याकडे सरकारी दवाखान्यातही होते. ती कशासाठी, हे सांगणारं कुणी नसतं. तिसरं कारण घरांचं. हिंजवडीतल्या किंवा न्यू जर्सीतल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलीला विचारायला दाराशी काकू-मावशी नाही, हातात मोबाइल आहे आणि त्यात दहा तोंडांची दहा उत्तरं आहेत. आणि बीडहून साखरपट्ट्यात ऊस तोडायला गेलेली मुलगी सातव्या-आठव्या महिन्यातही मोळी उचलते. तिची धाप, तिची कंबर, तिच्या पायांची सूज यांना तर ‘होतं असं’ हे उत्तरही मिळत नाही, कारण कुणी विचारतच नाही. २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे, पण तिच्या फडापर्यंत तो कायदा पोचलेला नाही.

या पुस्तकाची मांडणी महिन्यांप्रमाणे न करता शरीराच्या कारणांप्रमाणे केली आहे: रक्त, श्वास, पचन, सांधे आणि स्नायू, त्वचा, झोप, मन. महिन्यांप्रमाणे लिहिलं की गर्भाची लांबी आणि त्याची बोटं केंद्रस्थानी येतात आणि आई पुन्हा मागे पडते. प्रत्येक तक्रारीपाशी तीन गोष्टी सांगायचा प्रयत्न आहे: ती का होते, घरी काय करता येतं, आणि कधी ती नेहमीची राहत नाही. घरगुती उपायांना जागा दिली आहे, पण ज्यांना पुरावा आहे किंवा ज्यांनी अपाय नाही त्यांनाच. मनावर वेगळं प्रकरण आहे, कारण दिवसांत असताना येणारी खोल उदासी ‘डोहाळे’ म्हणून हसण्यावारी नेली जाते आणि घरातली मारहाण गरोदरपणातही थांबत नाही. बाळंतपणानंतरचे महिनेही यात आहेत, कारण पोटाचे फाकलेले स्नायू, शिंकताना सुटणारी लघवी आणि रिकामं वाटणारं अंग यांना बारशानंतर कुणी विचारत नाही. वंध्यत्वावरचे उपचार, प्रसूतीची प्रक्रिया आणि नवजात बाळाची काळजी हे विषय यात नाहीत.

कुठलंही पान उघडून कुठूनही वाचावं. वाचणारी एकटी नसावी, नवऱ्याने आणि सासूनेही वाचावं, असं लिहिताना सतत वाटत होतं. तपासणीला जाताना माता व बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावं. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची डॉक्टरांकडून विनामूल्य तपासणी होते. आणि पुढची लक्षणं दिसली तर कारण शोधत पानं चाळत बसू नये: अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणं, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक सूज, बरगड्यांखाली तीव्र दुखणं, झटके, एकाच पायाला दुखरी सूज, पुरळ नसताना तळहात-तळपायांना रात्री सुटणारी खाज, बसल्या जागी धाप, ताप, पाणीही न ठरणारी उलटी, बाळाची हालचाल मंदावणं. अशा वेळी १०२ किंवा १०८ वर फोन करावा आणि दिवस असो वा रात्र, दवाखाना गाठावा.